एकजण म्हणाले

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये कॅथलिक घर आमचं एकच होतं. वडील मूळचे सावंतवाडीकडचे. लग्नाआधीच यंत्रमागांच्या फिटरकामासाठी इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मालवणी, दारात कोल्हापुरी. खोलीच्या दोन्ही अंगांना मागांची शेड, त्यामुळं आमच्याकडं कुणीच हळू बोलत नसे. वडिलांना तर वीस वर्षांच्या खडखडाटानं ऐकूच कमी यायला लागलं होतं. दिवेलागणीला भिंतीवरच्या येशूमरियेच्या तसबिरींपुढं मेणबत्ती लावून आम्ही तिघं जपमाळ म्हणायचो, तीसुद्धा ओरडून. एखादी ओळ वडिलांना ऐकू गेली नाही की ते मणी चुकायचे आणि आई त्यांचा हात धरून एक मणी मागं न्यायची. शेजारच्या बायकांना आमची ‘नमो मरिया’ अर्धी पाठ झाली होती.

चर्च कोल्हापुरात. एसटीनं तासभर लागायचा, आणि वडिलांची सुट्टी रविवारी कधी यायची नाही. त्यामुळं नाताळ, ईस्टर आणि जमलं तर झावळ्यांचा रविवार, एवढंच आमचं चर्च. बाकी वर्षभर देव आमच्या खोलीतच राहायचा. मला तेव्हा त्यात काही कमी वाटत नव्हतं.

नव्वदीच्या शेवटी शेवटी मी बी.ए.ला मराठी घेऊन कोल्हापूरला आले. राजारामपुरीत एका लिंगायत विधवा बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांचं माहेर सीमेपलीकडं, बोलणं निम्मं कन्नड वळणाचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “अंडं-मटण काय बी आणायचं न्हाय बघ वर. देवाचं तुझं काय असंल ते कर.” रोज सकाळी आंघोळ करून त्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसायच्या. मी जिना उतरताना मला त्या तशा पाठमोऱ्या दिसायच्या. त्यांचा देव त्यांच्या मुठीएवढा होता आणि त्या दोघांचं चांगलं चाललं होतं. मला हेवा वाटायचा.

कॉलेजात माझं आडनाव ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला. “गोव्याची काय?” दुसराही ठरलेला. “मग मराठी कशी काय घेतलीस?” एकदा वर्गातल्या एका मुलीनं इंग्लिशचा पेपर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “हे जरा समजावून सांग की.” मला येत नाही म्हटल्यावर ती खरंच चकित झाली. “ख्रिश्चन असून इंग्लिश येत न्हाय व्हय तुला?” ती वाईट नव्हती. पण त्या दिवशी दुपारी मी डबा एकटीच खाल्ला, आणि मग तशी सवयच लागली.

मला वाटलं होतं, निदान आता दर रविवारी चर्चला जाता येईल, तिथं आपली माणसं असतील. चर्च लहान होतं, स्वच्छ होतं. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, साठ-सत्तर माणसं असत. केरळच्या नर्सेस, मंगळूरकडची दोन-तीन घरं, कुणी बदलीवर आलेले. मिस्सा इंग्लिशमध्ये. सगळे एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत आणि माझ्याशी इंग्लिशमध्ये सुरू करून अडखळून थांबत. मी कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे पुढच्या बाईकडं बघून करायची. आणि ती शांतता! इतक्या शांततेत प्रार्थना करायची मला सवयच नव्हती. घरच्या गोंगाटात जे आपोआप व्हायचं ते इथं होईना. डोळे मिटले की आतून काहीच यायचं नाही.

मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी असायची. त्याला वीस-बावीस माणसं. तिथं मी पहिल्यांदा बायबलमधलं वाचन केलं. मिस्सा संपल्यावर फादरांनी मला थांबवलं. चाळिशीतले, किनारपट्टीवरच्या कानडी मुलखातले, कोल्हापूरला येऊन वर्ष झालं होतं. मराठी पुस्तकावरून शिकलेले, म्हणून मला ‘तुम्ही’ म्हणायचे.

“तुम्ही मराठी शिकता ना? माझा प्रवचन तपासाल का? माणसं हसतात, मला समजतो.”

“तपासते की, फादर.”

तेव्हापासून मराठी मिस्सेच्या आदल्या शनिवारी दुपारी मी चर्चच्या मागच्या व्हरांड्यात जायला लागले. फादर शंभर पानी वहीत मोठ्या, गोल अक्षरांत प्रवचन लिहून ठेवत. त्यांच्या वाक्यात देवाची प्रेम असायची आणि माणसाचा श्रद्धा असायचा. मी पेन्सिलीनं दुरुस्त्या करायची, ते शेजारी बसून प्रत्येक दुरुस्तीचं कारण विचारायचे. “पाप नपुंसक का? पुण्यही नपुंसक? मग बरोबर आहे.” असं म्हणून ते स्वतःच हसायचे. चहा आणि खारी यायची. आठवड्यातून कुणाशी पाच मिनिटं सलग बोलणं होत नसे त्या दिवसांत महिन्याचा तो एक शनिवार मला पुरायचा. खरं सांगायचं तर मी देवापेक्षा त्या व्हरांड्यासाठीच चर्चला जात होते.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत, वही तपासून झाल्यावर, फादरांनी सहज विचारलं, “आणि तुमची प्रार्थना कशी चालली आहे?”

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आई विचारायची ते ‘केलीस का’ एवढंच. मी बोलून गेले.

“फादर, एसटीडी बूथवरून घरी फोन लावावा तसं होतं. म्हणजे, पलीकडं उचललेला कळतो. मीटरवरचे आकडे पळायला लागतात. आणि कुणी बोलतच नाही. आपण आपलं हॅलो, हॅलो करत राहायचं.”

फादरांनी उपदेश केला नाही, कुठलं वचन सांगितलं नाही. कपातला चहा तसाच ठेवून समोरच्या नारळाच्या झाडाकडं बघत बसले. जाताना एवढंच म्हणाले, “हे तुम्ही मला सांगितला, ते बरं केलं.” मी घरी आले ती हलकी होऊन. कॉलेजात कुणाला, आईला, अक्कांना, कुणालाच जे सांगता आलं नव्हतं ते एका माणसाला सांगून झालं होतं आणि त्यानं ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला. मराठी मिस्सेच्या आदल्या शनिवारी मी नेहमीसारखी गेले, वही उघडली आणि दुसऱ्या पानावर थांबले. तिथं त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘एक विद्यार्थिनी मुलगी मला म्हणाली, फादर, मी प्रार्थना करतो तेव्हा फोन उचलला जातो, मीटर पळतो, आणि कोण बोलत नाही.’

माझे कान तापले. फादर आत कुणाशी तरी बोलत होते. माझ्या हातात पेन्सिल होती. मला ते वाक्य खोडता आलं असतं. पान फाडून निघून जाता आलं असतं. ‘फादर, हे मी तुम्हाला सांगितलं होतं, चर्चला नाही,’ एवढं म्हणता आलं असतं. त्यांनी ऐकलं असतं, मला आजही वाटतं. पण मी लहानपणापासून फादर म्हणजे देवाच्या खालोखाल असंच बघत आले होते. मी ‘करतो’चं ‘करते’ केलं. ‘कोण’चं ‘कुणी’ केलं. मग थांबले, ‘एक विद्यार्थिनी मुलगी मला म्हणाली’ यावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘एकजण म्हणाले’. त्यासाठी पुढचं ‘करते’ पुन्हा ‘करतो’ करावं लागलं. माझंच दुःख मी व्याकरणात बसवत होते.

फादर बाहेर आले. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पान बघितलं, माझ्याकडं बघितलं. “चहा?” म्हणाले. मी म्हटलं, “नको, ट्यूटोरियल आहे.” शनिवारी दुपारी कसलं ट्यूटोरियल!

दुसऱ्या दिवशी वाचन माझंच होतं, ते मी केलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. फादरांनी प्रवचन सुरू केलं. ‘एकजण म्हणाले’ आलं तसं मला वाटलं, सगळ्या चर्चची नजर माझ्या पाठीवर आहे. खरं तर कुणाचंच माझ्याकडं लक्ष नसणार. पण मला बसवेना. कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेत उभे राहिले तेव्हा मी बाजूच्या दारानं बाहेर पडले. त्यानंतर पाच महिने मी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

अक्कांना सांगणार काय? दर रविवारी सकाळी मी चांगला ड्रेस घालून, छोटी प्रार्थनेची वही पिशवीत टाकून बाहेर पडायची. “जाऊन येते अक्का.” “ये जा.” आणि मी रंकाळ्यावर जाऊन बसायची. तिथं माणसं फिरायला आलेली असत, म्हशी पाण्यात बसलेल्या असत. कधी स्टँडवर जाऊन इचलकरंजीच्या गाड्या सुटताना बघायची. चढायची मात्र नाही, कारण घरी गेलं की आई ‘प्रवचन काय होतं’ विचारणार. चर्चमधली माणसं आधीच माझी नव्हती, आता घरही मी लांब ठेवलं. त्या पाच महिन्यांत मी किती कमी बोलले याचा विचार केला की आज भीती वाटते. दुकानदार, कंडक्टर, लायब्ररीतला शिपाई. बस्स. उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा अभ्यासाचं कारण सांगून मी दहा दिवसांत परत आले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी साडेदहाला रंकाळ्यावरून परतले तर अक्कांच्या सोप्यात वडील बसलेले. हातात फुलपात्र, पायाशी पिशवी. मागाचा कसला तरी भाग उद्यमनगरात टर्नरकडून करून घ्यायचा म्हणून पहिल्या गाडीनं आले होते.

“कवा आलाय?” मी विचारलं.

“आलो मगाशी.”

“मिस्सा जरा लांबली आज,” मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.

वडिलांनी फुलपात्र खाली ठेवलं. अक्कांनी त्यांना आग्रह करून भाकरी-झुणका वाढला. त्यांनी मान खाली घालून खाल्लं. मग मी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. अर्ध्या रस्त्यात ते थांबले. वडिलांना हळू बोलता यायचंच नाही. भर रस्त्यात, माणसं वळून बघतील अशा आवाजात ते म्हणाले, “मी आलतो तिकडं. चर्चला. म्हटलं, पोरीसंगट मिस्सा ऐकू एकदा.”

मी जागच्या जागी उभी राहिले.

“मागच्या बाकावर एक म्हातारी बाई होती. तिला इचारलं, आमची पोरगी दिसली न्हाय. ती म्हणली, लई दिस झालं बघितली न्हाय.”

मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आईला सांगत न्हाय मी,” म्हणाले. “पर तू जेवतीस न्हवं नीट?”

मी मान हलवली. गाडी लागलीच होती. ते खिडकीशी बसले आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडं न बघता समोर बघत राहिले. मी परत येऊन खोलीचं दार लावलं आणि कितीतरी वेळ रडले. देवासाठी नव्हे. सुट्टी नसलेला माणूस भल्या सकाळी उठून, इंग्लिशचं एक अक्षर येत नसताना, तासभर मागच्या बाकापाशी उभा राहिला होता, माझी वाट बघत.

ती म्हातारी बाई मला तोंडओळखीची होती. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तिकडच्या मराठी कॅथलिक घरातल्या. इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. मराठी मिस्सेची माणसं त्यांना मावशी म्हणत. त्या कायम शेवटच्या बाकावर बसायच्या. त्यांच्याशी ‘कशा आहात’पलीकडं मी कधी बोलले नव्हते.

वडील येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांनी खालून हाक मारली, “अगं, तुमच्यातल्या कोण बाई आल्यात बघ.” मी जिन्यात आले तर मावशी कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. गुडघे पार गेलेले. मी धावत जाऊन हात दिला. खोलीत आल्यावर त्या कॉटवर बसल्या आणि दम खात खोली बघत राहिल्या. अक्कांनी चहा वर पाठवला.

मी वाट बघत होते, आता विचारतील, का येत नाहीस. त्यांनी विचारलंच नाही.

“तुझ्या वडिलांनी पत्ता दिला. भला माणूस आहे,” त्या म्हणाल्या. “आमेन केवढ्यानं म्हणतात! केरळच्या पोरी दचकल्या.”

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग चहा बशीत ओतून घेत म्हणाल्या, “मी तुला एक विचारायला आले. उपासाच्या दिवसांत फादरांनी ते फोनचं सांगितलं होतं बघ. तू होतीस ना?”

मी होय म्हटलं.

“ते तुला कळलं का, कुणाचं होतं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मला आधी वाटलं माझंच. मी तर कुणाजवळ बोलले नव्हते, मग फादरांना कळलं कसं?” त्यांनी बशी खाली ठेवली. “आमचे मालक गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या बाकावर नुसती ओठ हलवते, पोरी. आत काही नाही. वॉर्डात किती पोरांच्या उशाशी बसून मी जपमाळ म्हटली असेल, आणि माझ्यावर आलं तर एक शब्द फुटेना. कन्फेशनला गेले तरी हे सांगायचं कसं कळायचं नाही. पाप आहे म्हणावं तर मी काही केलेलं नाही. मला वाटायचं, अख्ख्या चर्चमध्ये माझं एकटीचंच असं आहे, बाकी सगळ्यांचं बोलणं होतं देवाशी.”

मी त्यांच्याकडं बघत होते. त्या शेवटच्या बाकावर का बसतात, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“फादर म्हणाले, एकजण म्हणाले. म्हणजे अजून कुणीतरी आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी भात टाकला आणि पोटभर जेवले बघ.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “कोण असेल गं?”

आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर ते पुन्हा माझं एकटीचं झालं असतं. का कुणास ठाऊक, मला ते परत नको होतं. “कुणी का असेना मावशी,” मी म्हटलं.

उठताना त्या म्हणाल्या, “फादरांची जूनमध्ये बदली झाली. जाताना तुझं विचारत होते. मी सांगितलं, परीक्षा असेल.” दारात थांबून कठडा चाचपला आणि म्हणाल्या, “चर्चच्या पायऱ्या मला एकटीला उतरवत नाहीत आता. रविवारी येशील? हात धरायला?”

मी गेले. प्रार्थना करायला नव्हे, पायऱ्यांसाठी. पुढची जवळजवळ तीन वर्षं, एम.ए. होईपर्यंत, शेवटच्या बाकावर आम्ही दोघी बसायचो. नवे फादर उत्तम मराठी बोलायचे, त्यांना माझी गरज नव्हती. मावशी आणि मी फारसं बोलायचो नाही. मिस्सेनंतर त्यांच्या खोलीवर जायचं, मी भाजी चिरायची, त्या भाकरी थापायच्या. देवाविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण बाकावर शेजारी बसून दोघींनी गप्प राहणं आणि एकटीनं गप्प राहणं यात फरक आहे, हे मला त्या वर्षांत कळलं. एकदा ईस्टरला वडिलांनी सुट्टी काढली, आई-वडील दोघं आले. वडील मावशींच्या शेजारी बसले आणि त्यांनी आमेन म्हटलं तेव्हा मावशींनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग त्यांना एकटीला राहणं जमेना, म्हणून भाच्यानं गावाकडं नेलं. मी त्यांना दुपारच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या वर्षी भाच्याचं पोस्टकार्ड आलं, त्या गेल्या म्हणून. पत्र मला मिळालं तोवर माती होऊन तीन आठवडे झाले होते. तो ‘एकजण’ कोण, हे त्यांना मी सांगितलं नाही. त्या रविवारी मी नेहमीच्या बाकावर बसले आणि माझ्या डाव्या हाताला रिकामी जागा ठेवली. दोन-तीन रविवार ठेवली. मग फौंड्रीत कामाला आलेलं एक तमिळ कुटुंब तिथं बसायला लागलं, तीन लहान मुलांसकट, आणि मी भिंतीकडं सरकले.

पुढं कोल्हापुरातच बी.एड. करून जयसिंगपूरला शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले. तिथून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पॅसेंजरनं कोल्हापूरला यायची. तिथं असतानाच कुणाकडून तरी त्या आधीच्या फादरांचा पत्ता मिळाला. उत्तरेकडं कुठल्याशा आदिवासी भागात होते. मी चार ओळींचं पत्र टाकलं, खुशालीचं. दीड महिन्यानं उत्तर आलं, इंग्लिशमध्ये. आता मला वाचता येत होतं. तिथली थंडी, मुलांचं वसतिगृह, नवी भाषा शिकायचे कष्ट, असं सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं की, त्या शनिवारी तुम्ही वही परत दिलीत तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला होता. मी काय केलंय ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी ते वाचलं, कारण प्रवचन चांगलं झालं होतं. मला क्षमा करा.

पत्र वाचून पहिल्यांदा मला रागच आला. इतक्या वर्षांनी पुन्हा नव्यानं आला. त्यांना कळलं नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती, तीही गेली. आठवडाभर पत्र टेबलावर पडून राहिलं. मग एका मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी उत्तर लिहिलं. राग आला होता हे लिहिलं, तो पुष्कळ दिवस होता हेही लिहिलं. मग मावशी माझ्या खोलीवर आल्या होत्या त्याची हकीकत जशीच्या तशी लिहिली. माझी प्रार्थना आता कशी चालली आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी लिहिलं नाही. लिहायचं असतं तर एवढंच लिहिता आलं असतं की मी जाते, बसते, कधी कधी बरं वाटतं. घंटा झाली. मी पाकीट चिकटवलं आणि आठवीच्या तासाला गेले.